घर घेताय? मग बँकेत सही करायच्या आधी विमा नक्की कशाचा आहे ते बघा

आमच्या दादाने २०१८ मध्ये लोन काढून चिपळुणात घर घेतलं, खाली दोन खोल्या वर दोन खोल्या असं छोटं घर, बाजारपेठेपासून चालत दहा मिनिटांवर. २२ जुलै २०२१ ला पहाटे वाशिष्ठी नदीचं पाणी घरात शिरलं आणि बघता बघता जिन्याच्या निम्म्या पायऱ्या बुडाल्या. माणसं वर होती म्हणून वाचली, पण खालचं काहीच राहिलं नाही, फ्रिज, वॉशिंग मशीन, किचनच्या ट्रॉल्या, दारं, वायरिंग, दिवाण, सगळं चिखलात. वहिनी रडत होती तेव्हा दादा तिला सारखं एकच सांगत होता की अगं लोन घेताना विमा काढलाय आपण, पंचेचाळीस हजार भरलेत, मिळेल सगळं. पाणी उतरल्यावर फाइल शोधली, वाळवली, वाचली, तर तो विमा दादाच्या जीवाचा होता. म्हणजे दादा गेला असता तर बँकेचं लोन फिटलं असतं. घराचा विमा नव्हताच. बँकेने खोटं काही सांगितलं असंही नाही, "लोनचा इन्शुरन्स" एवढंच सांगितलं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी तो घराचा समजून घेतला होता.

नंतर २०२३ मध्ये आम्ही डोंबिवलीत फ्लॅट घेतला तेव्हा मी आधी हाच विषय धरून बसले. पॉलिसीची पूर्ण कागदपत्रं वाचली, चार ठिकाणी फोन केले, एजंटला नको तेवढे प्रश्न विचारले. त्यातून जे कळलं ते इथे लिहितेय, कारण अजूनही ओळखीत कोणी घर घेतलं आणि मी विचारलं की घराचा विमा काढलात का, तर दहातले नऊ जण म्हणतात हो बँकेने काढलाय ना. आणि तो दादासारखाच निघतो.

तर पहिलं काम हेच, बँकवाला इन्शुरन्सचा कागद पुढे करेल तेव्हा विचारा, हा माणसाचा आहे की भिंतींचा? स्पष्ट उत्तर मिळालं नाही तर कंपनीचं नाव बघा. आपल्याकडे जीवन विमा कंपनी घराचा विमा विकूच शकत नाही, त्यामुळे कंपनीच्या नावात "लाइफ" असेल तर तो कागद घराचा नाही, विषय संपला. घराचा विमा जनरल इन्शुरन्सवाल्या कंपन्या देतात, सरकारीमध्ये न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल, युनायटेड इंडिया आणि बाकी मग खासगी. अजून एक खूण म्हणजे माणसाच्या विम्यात तुमचं वय, वजन, आजार विचारतात, घराच्या विम्यात कार्पेट एरिया (घराच्या आतली वापरायची जागा), मजला, बांधकाम कधीचं ते विचारतात. फॉर्मवर बीपी-शुगरचे प्रश्न असतील तर तुमच्या भिंतींशी त्याचा काही संबंध नाही.

माणसाचा विमा वाईट असं मी म्हणत नाहीये, घरात एकच कमावता असेल आणि डोक्यावर चाळीस लाखांचं लोन असेल तर जीवन विमा हवाच. पण लोनसोबत जो देतात त्यात बहुतेक वेळा सगळा हप्ता एकदम घेतात आणि तो लोनमध्येच मिळवून टाकतात, म्हणजे खिशातून काही जात नाही असं वाटतं. जातं. एक लाखाचा हप्ता ८.५ टक्क्यांनी २० वर्षांच्या लोनमध्ये टाकला तर महिन्याला साधारण ८६८ रुपये ईएमआय वाढतो, २४० महिन्यांनी गुणा, दोन लाखांच्या वर जातं. शिवाय बऱ्याचशा अशा पॉलिसींमध्ये लोन जसं फिटत जातं तसं कव्हर कमी होत जातं आणि पैसे आधी बँकेकडे जातात. त्यापेक्षा वेगळा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा साधा जीवन विमा, घेतला तर कव्हर शेवटपर्यंत तेवढंच राहतं आणि पैसे घरच्यांच्या हातात येतात, लोन फेडायचं की काय करायचं ते त्यांनी ठरवायचं. आम्ही तेच केलं. बँकेत सांगितलं की आमच्याकडे टर्म प्लॅन आहे, हा नको. थोडी कुरकुर झाली, मग लोन मंजूर झालं. आणि तुम्ही आधीच सही करून बसला असाल आणि पॉलिसी हातात येऊन ३० दिवस झाले नसतील तर फ्री लुकमध्ये, म्हणजे वाचून नको वाटली तर पॉलिसी परत करायच्या मुदतीत, ती परत करता येते, लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

घराचा विमा मात्र बँक मागू शकते, लोनच्या करारात तसं कलम असतं की तारण मालमत्तेचा विमा काढलेला पाहिजे. ते रास्तही आहे. पण अमुकच कंपनीचा घ्या अशी सक्ती नाही करता येत, तुम्ही दुसऱ्या कंपनीची पॉलिसी आणून देऊ शकता, फक्त त्यात बँकेचं नाव टाकून घ्यावं लागतं, त्याला बँक क्लॉज म्हणतात. त्याचा अर्थ क्लेम आला तर पैशावर पहिला हक्क बँकेचा. हे बँकेला आधीच विचारून ठेवा की दुरुस्तीसाठी तुम्ही पैसे सोडता की लोनमध्ये वळते करता, कारण घर पडलंय आणि पैसे लोनला गेले तर राहायचं कुठे.

आता घराचा विमा म्हणजे काय ते. १ एप्रिल २०२१ पासून आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, सगळ्या जनरल कंपन्यांसाठी एकसारखी पॉलिसी आणली, तिचं नाव भारत गृह रक्षा. मला ही गोष्ट खूप चांगली वाटते कारण पूर्वी प्रत्येक कंपनीची वेगळी भाषा, वेगळ्या अटी, सामान्य माणसाने तुलना करायची कशी? आता मूळ पॉलिसी सगळीकडे तीच, फरक हप्त्यात आणि सर्व्हिसमध्ये. त्यामुळे घराचा विमा मागताना थेट नाव घेऊन मागा, भारत गृह रक्षा द्या म्हणून.

यात आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, त्सुनामी, जमीन खचणं, दरड कोसळणं, दंगल, दहशतवाद, बाहेरची वस्तू येऊन आदळणं, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून होणारं नुकसान हे सगळं मुळातच धरलेलं आहे. भूकंपासाठी वेगळे पैसे, दहशतवादासाठी वेगळे पैसे असं नाही. आपल्या राज्यात हे महत्त्वाचं आहे हो, १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९९३ चं किल्लारी, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस, २०१९ ला सांगली-कोल्हापूर पाण्यात, त्याच वर्षी बदलापूर-वांगणी भागात उल्हास नदीचं पाणी, २०२० ला निसर्ग वादळात श्रीवर्धन-मुरूडकडची उडालेली छपरं, २०२१ ला चिपळूण आणि महाड. दर वेळी बातम्यांमध्ये पंचनामे दिसतात, पण सरकारी मदत ही मदत असते, तिच्यात घर परत उभं राहत नाही. दादाला जे मिळालं त्यात चिखल काढायची मजुरी आणि थोडी भांडीकुंडी, एवढंच भागलं.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो विमा किती रकमेचा काढायचा यात, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. आमचा फ्लॅट ५२ लाखांना पडला. एजंटने पहिला कागद आणला तो ५२ लाखांच्या विम्याचा. ऐकायला बरं वाटतं. पण ५२ लाखात जागेची किंमत आहे, स्टेशन जवळ असण्याची किंमत आहे, बिल्डरचा नफा आहे. आग लागली, भूकंप झाला तरी जमीन कुठे जात नाही. विमा कंपनी देणार ती परत बांधायचा खर्च. म्हणून हिशोब असा करायचा, कार्पेट एरिया गुणिले आजचा बांधकामाचा दर. आमचा कार्पेट ५४० स्क्वेअर फूट, ओळखीच्या इंजिनिअरने आमच्या बिल्डिंगसारख्या बांधकामाला २,५०० रुपये फुटाचा दर सांगितला, म्हणजे साडेतेरा लाख. ५२ लाखांचा काढला असता तर हप्ता जवळजवळ चौपट भरला असता आणि मिळाले असते तेवढेच. कार्पेट एरिया ॲग्रीमेंटमध्ये लिहिलेला असतो तोच टाका, बिल्टअप किंवा सुपर बिल्टअप टाकू नका. दर मात्र कमी सांगू नका, तुमच्या गावातल्या एखाद्या ठेकेदाराला किंवा इंजिनिअरला विचारून खरा टाका.

हप्ता किती येतो म्हणाल तर आमचा वर्षाचा हप्ता, वर १८ टक्के जीएसटी धरून, सोसायटीच्या एका महिन्याच्या मेंटेनन्सपेक्षा कमी आहे. हे कळल्यावर मला दादाच्या पंचेचाळीस हजारांचं जास्त वाईट वाटलं.

घरातल्या सामानाचं बघू. बिल्डिंगचा विमा काढला की भारत गृह रक्षेत सामानाचं कव्हर आपोआप येतं, बिल्डिंगच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आणि त्यासाठी यादी द्यावी लागत नाही. आमचं २ लाख ७० हजार झालं. फ्रिज, टीव्ही, एसी, फर्निचर, कपडे मोजायला बसलो तर आकडा चार लाखांच्या पुढे गेला, मग आम्ही यादी देऊन वाढवून घेतलं. तुम्हीही एकदा घरात फिरून मोजा, नुसतं अंदाजाने पुरे आहे म्हणू नका. दागिने वगैरे मौल्यवान वस्तू यात येत नाहीत, त्यांचं वेगळं कव्हर ज्यादा पैसे भरून घ्यायचं, एकूण ५ लाखांपर्यंत आणि एक वस्तू १ लाखाच्या आत असेल तर व्हॅल्युएशन सर्टिफिकेट लागत नाही, त्याच्या वर असेल तर लागतं. रोख पैसे धरत नाहीत.

अजून दोन गोष्टी या पॉलिसीत खरंच ग्राहकाच्या बाजूच्या आहेत. जुन्या पद्धतीत घर २० लाखांचं आणि विमा १० लाखांचाच असला तर ४ लाखांच्या नुकसानीला कंपनी म्हणायची की तुम्ही निम्माच विमा काढलाय म्हणून २ लाखच मिळतील. भारत गृह रक्षेत ही कापाकापी नाही, विम्याच्या रकमेपर्यंतचं नुकसान असेल तर तेवढं सगळं मिळतं. दुसरी म्हणजे एकापेक्षा जास्त वर्षांची पॉलिसी घेतली, १० वर्षांपर्यंत घेता येते, तर बिल्डिंगची रक्कम दर वर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, ज्यादा हप्ता न घेता. सिमेंट-स्टीलचे भाव जसे वाढतात ते बघता हे मोठं आहे. घर राहण्यालायक नसेल तेवढ्या काळाचं भाडं, म्हणजे तुम्ही दुसरीकडे भाड्याने राहिलात तर त्याचा खर्च, तेही यात बसतं. मलबा उचलायला क्लेमच्या २ टक्के, इंजिनिअर-आर्किटेक्टच्या फीला ५ टक्के.

काय मिळत नाही ते सांगते, कारण भांडणं इथेच होतात.

भिंतीतून हळूहळू झिरपणारं पाणी, ओल, पोपडे, याला विमा नाही. टाकी किंवा पाइप एकदम फुटला तर आहे. नवीन बिल्डिंग बसताना पडणाऱ्या चिरा, निकृष्ट बांधकाम, याला पण नाही, पण त्यासाठी रेरा, म्हणजे बिल्डरांसाठीचा कायदा, आहे, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष दाखवला तर बिल्डरने ३० दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो, तेव्हा गळतीचं पत्र विमा कंपनीला नाही, बिल्डरला पाठवा. शॉर्ट सर्किटने एसी जळला तर तो एसी स्वतः धरत नाहीत, पण त्यातून आग पसरून बाकी घर जळलं तर ते धरतात. जागेच्या मालकीचा वाद असेल तर या विम्याचा काही उपयोग नाही, त्यासाठी वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्टच, म्हणजे जागेच्या मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, घ्यावा लागतो, तो खर्च वाचवू नका.

चोरीचं नीट ऐका. पूर किंवा आग यासारखी घटना झाली आणि त्यामुळे उघड्या पडलेल्या घरात ७ दिवसांच्या आत चोरी झाली तर ती यात बसते. पण तुम्ही गावाला गेलात आणि कुलूप तोडून चोरी झाली तर ती नाही बसत. त्यासाठी बर्गलरीचं, म्हणजे घरफोडीचं, वेगळं कव्हर घ्यावं लागतं, मे महिन्यात आणि गणपतीत घर बंद ठेवून गावाला जाणाऱ्यांनी ते घ्यावंच असं माझं मत आहे.

आणि वाढीव बांधकाम. पॉलिसी घेतल्यावर तुम्ही घर वाढवलं आणि कार्पेट एरिया १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढला तर कंपनीला कळवून ज्यादा हप्ता भरावा लागतो, नाहीतर त्या वाढीव भागाचं काही मिळत नाही. गावाकडे मागे पडवी काढणं, वर एक खोली चढवणं हे सर्रास चालतं, कोणी कळवत नाही. कळवा. तसंच फॉर्ममध्ये बांधकामाचा प्रकार खरा लिहा, चिऱ्याच्या भिंती आणि कौलारू छप्पर असेल तर तसंच लिहा, आरसीसी लिहून मोकळे होऊ नका, क्लेमच्या वेळी सर्व्हेयर, म्हणजे नुकसान तपासायला येणारा माणूस, येऊन डोळ्यांनी बघणारच आहे.

आता फ्लॅटवाल्यांसाठी. तुमचं घर चौथ्या मजल्यावर असेल तर ते तुम्ही एकटे परत बांधू शकत नाही, खालचे तीन मजले उभे राहिल्याशिवाय तुमच्या साडेतेरा लाखांचं करणार काय? म्हणून सोसायटीने पूर्ण बिल्डिंगचा विमा काढणं फार गरजेचं आहे. आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये आग आणि भूकंपासाठी इमारतीचा विमा काढायचं लिहिलेलंच आहे आणि त्याचा खर्च सभासदांकडून घेता येतो. पण प्रत्यक्षात किती सोसायट्या काढतात? रिसेलचा फ्लॅट बघायला जाल तेव्हा सेक्रेटरीला पॉलिसीची कॉपी मागा, शेअर सर्टिफिकेट आणि एनओसी मागता तशीच. आमच्या सोसायटीत नव्हती, मी दोन जनरल बॉडीत विषय मांडला, दुसऱ्यात मंजूर झाला, प्रत्येक फ्लॅटमागे आलेला आकडा ऐकून विरोध करणारेच गप्प झाले. सोसायटीचा असेल तर तुमचं स्वतःचं सामान आणि आतलं काम, म्हणजे मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग वगैरे, याचा तुमचा तुम्ही काढा. एकाच भिंतीचे दोन विमे असले तरी नुकसानीपेक्षा जास्त पैसे मिळत नाहीत, दोन कंपन्या ते आपसात वाटून घेतात.

रिसेलमध्ये अजून एक, आधीच्या मालकाची पॉलिसी तुमच्या नावावर आपोआप येत नाही. रजिस्ट्रेशन आणि ताबा झाला की त्याच दिवसापासून तुमची स्वतःची सुरू झाली पाहिजे, म्हणून आधीच कोटेशन घेऊन ठेवा. भाड्याने राहत असाल तर भिंती मालकाच्या, तुम्ही फक्त सामानाचा विमा घेऊ शकता.

क्लेमची वेळ कोणावर येऊ नये पण आली तर काय करायचं ते दादाच्या घरी चिखल काढताना मला कळलं. पुराचा चिखल दोन दिवसांत दगडासारखा होतो, सर्व्हेयरची वाट बघत बसलात तर घर हातातून जातं, आणि लगेच धुऊन काढलंत तर पुरावा जातो. म्हणून आधी प्रत्येक खोलीचा सावकाश व्हिडिओ काढा, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असा, प्रत्येक वस्तूचा फोटो, मागचं मॉडेल नंबरचं स्टिकर दिसेल असा, मग कंपनीला फोन आणि ईमेल करा, तक्रार नंबर घ्या, आणि मग चिखल काढा. खराब झालेल्या वस्तू सर्व्हेयर बघेपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका, अंगणात रचून ठेवा. तलाठ्याच्या पंचनाम्याची कॉपी घ्या, आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला, चोरी असेल तर एफआयआर. क्लेम फॉर्म ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो.

कंपनीने क्लेम नाकारला किंवा फारच कमी दिला तर आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे लेखी द्या. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं, ५० लाखांपर्यंतच्या दाव्याला, फी नाही, वकील लागत नाही, मात्र कंपनीच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत जायला लागतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची ऑफिसं आहेत. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरही तक्रार टाकता येते. बरेच लोक पहिल्या नकारालाच गप्प बसतात, तसं करू नका.

आणि कागद कुठे ठेवता ते बघा. दादाची फाइल कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात होती, वहिनीने एकेक पान सुटं करून वरच्या मजल्यावर दोरीला लावून वाळवलं तेव्हा कुठे वाचता आलं. आमची पॉलिसी, मोठ्या वस्तूंची बिलं आणि घराचा एक व्हिडिओ मी स्वतःला आणि दादाला, दोघांना ईमेल करून ठेवलाय. दादानेही मागच्या वर्षी भारत गृह रक्षा घेतली, दहा वर्षांची, आणि त्याची पॉलिसी माझ्या मेलमध्ये आहे.